मटार, मैदा आणि मागचे काका

परवा बिलाच्या रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या काकांनी माझ्या टोपलीत हात घातला. चुकून धक्का लागला वगैरे नाही. रीतसर, कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवून हात घातला आणि बिस्किटांचा पुडा उचलला.

"घरात लहान मुलं आहेत वाटतं," ते पुड्याला म्हणाले.

मी "हं" केलं. ऑफिसातून थेट आलेल्या बाईचं "हं" विषय मिटवण्यासाठी असतं. काकांना ते आमंत्रण वाटलं.

"ताई, घटक वाचता का कधी? वजनाने जे सगळ्यात जास्त, ते यादीत पहिलं." आणि खड्या आवाजात पारायण सुरू. "मैदा. साखर. पाम तेल. ग्लुकोज सिरप. इन्व्हर्ट सिरप. माल्टो... माल्टोडे..." काकांनी पुडा हातभर लांब धरला, पुन्हा जवळ आणला. दुसऱ्या झटक्यात त्याचं मालतीडेक्स्ट्रिन झालं. पुढच्या एका गृहस्थांनी तेवढ्यात आपल्या टोपलीतला केक टिश्यूपेपरच्या गठ्ठ्याखाली सरकवला.

"बघितलंत? साखरेची भावंडंसुद्धा आलीयेत, वेगवेगळ्या नावांनी! सगळ्यांना एका ओळीत बसवलं असतं तर मैद्याच्या डोक्यावर गेली असती!"

खरा त्रास हा की माणूस बरोबर बोलत होता. साखर अशी तुकड्यातुकड्यांत लिहिली की प्रत्येक तुकडा यादीत खाली सरकतो, हे मलाही ठाऊक आहे. चुकीचं बोलणाऱ्याला गप्प करता येतं. बरोबर बोलणाऱ्या आगाऊ माणसाचं काय करायचं?

पण मग त्यांनी गोठवलेल्या मटारच्या पिशवीला हात घातला. "आणि हे शिळं!"

इथे मात्र मी उसळले. म्हटलं, काका, हे मटार शेतातून निघाल्यावर काही तासांत उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात. जीवनसत्त्वं बरीचशी टिकतात. 'ताजे' म्हणून चार दिवस टोपलीत पडून राहिलेल्या मटारांतलं सी जीवनसत्त्व मात्र रोज कमी होत जातं. काकांनी माझं सगळं बोलणं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आमच्याकडे असलं काही येत नाही. सगळं ताजं. माणशी चारशे ग्रॅम भाज्या आणि फळं, रोज. जागतिक आरोग्य संघटना सांगते." या सगळ्यात मटार वितळत होते ते वेगळंच.

चारशे ग्रॅमही खरे आहेत. दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला दिवसाला किमान तेवढं हवं, बटाटे धरायचे नाहीत. पण हा हिशेब कुणी पूर्ण करत नाही. घरात अशी चार डोकी असली तर रोज एक किलो सहाशे ग्रॅम. आठवड्याला अकरा किलोंच्या वर. ते उचलून आणायचं, धुवायचं, निवडायचं, सोलायचं, चिरायचं. शिजवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि पाककृतींमध्ये वेळ धरतात तो फक्त त्याचाच. 'पंधरा मिनिटांत पौष्टिक जेवण' असं वर लिहितात आणि खाली साहित्यात हळूच टाकतात: दोन कांदे, बारीक चिरलेले, एक वाटी कडधान्य, रात्रभर भिजवून शिजवलेलं. अहो, ती रात्र कुठल्या पंधरा मिनिटांत बसवली? आणि ते कांदे आपणहून चिरले गेले का?

म्हणून मी विचारलं, "काका, हे सगळं करतं कोण?"

"म्हणजे?"

"चिरतं कोण?"

"ही करते ना," काका म्हणाले. "तिला आवडतं."

बिलाच्या काउंटरवरची मुलगी इतका वेळ यंत्रासारखी पुडे फिरवत होती. तिने मान वर करून काकांकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

ब्राझील सरकारने २०१४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात वेळेचा अभाव हा चांगल्या खाण्यातला अडथळा आहे असं सरळ लिहिलंय, आणि स्वयंपाकाची कामं घरातल्या सगळ्यांनी, पुरुषांनीसुद्धा, वाटून घ्यावीत असंही. सरकारी कागदावर! बाकी सल्ले देणारे मीठ चमच्याने मोजतात, साखर ग्रॅममध्ये मोजतात आणि तास मोजायची वेळ आली की म्हणतात, "थोडं नियोजन करा." नियोजन मी करते हो. हे मटार, अंडी आणि पाव हे माझं नियोजनच आहे. दहा मिनिटांत जेवण होतं, त्यात भाजी असते, प्रथिनं असतात, आणि जेवताना मी कुणावर खेकसत नाही. या शेवटच्या गुणाचा रकाना अजून कुठल्याच पाकिटावर आलेला नाही.

हे बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

"हो, पीठ घेतो. ...कसलं म्हणजे? पीठ ते पीठ! ...अगं, रोजचं कुठलं ते मला काय माहीत?" फोन तिकडून ठेवला गेला असावा. काका क्षणभर हातातल्या माझ्या बिस्किटांकडे बघत राहिले. मग आवाज उतरवून मला म्हणाले, "ताई, साधारण घरात रोजचं पीठ कुठलं असतं हो? आणि ठेवतात कुठे इथे?"

मी त्यांच्या हातातून पुडा काढून घेतला आणि अगदी अदबीने, दुकानाच्या पार टोकाला, कपडे धुण्याच्या पावडरींकडे बोट दाखवलं.