पी ०११८ म्हणजे ‘इंजिन तापले’ नव्हे

‘गाडी गरम होते? मेकॅनिकला पैसे देऊ नका!’ या मथळ्याचा एक मजकूर महिनाभर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. स्कॅनरवर, म्हणजे गाडीतील बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी ०११८ हा कोड दिसला, त्यापुढे ‘हाय’ लिहिलेले असले, की इंजिन तापले असे समजा आणि थर्मोस्टॅट (इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) कायमचा काढून टाका. सेन्सर लगेच बदला. रेडिएटरचे झाकण उघडून थंड पाणी ओता. कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचा द्रव) ही कंपन्यांची लूट आहे, साधे पाणीच उत्तम. आणि हीटर पूर्ण चालू करा, असे पाच सल्ले त्यात आहेत. साताऱ्याच्या आमच्या धाकट्या काकांनी पहिला सल्ला अंमलातही आणला, म्हणून हे लिहावे लागत आहे.

पहिला मुद्दा नुसता चुकीचा नाही, पूर्ण उलटा आहे. या कोडांचे अर्थ वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेच्या जे २०१२ या मानकात ठरवून दिलेले आहेत आणि तेथे पी ०११८ चा अर्थ कुलंट तापमानाच्या सेन्सरचे ‘सर्किट हाय’ असा आहे. म्हणजे वाढलेले असते ते सर्किटमधील व्होल्टेज, तापमान नव्हे. हा सेन्सर थंड असताना त्याचा रोध जास्त असतो आणि तापला की कमी होतो. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक, त्याला एका रोधकातून पाच व्होल्ट देतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते वाचतो. त्यामुळे पाणी जितके थंड तितके व्होल्टेज जास्त, आणि वायर तुटली तर जवळपास पूर्ण पाच. ईसीयूला मग इंजिन उणे ४० अंशांवर आहे असे वाटते! इंजिन खरोखर प्रमाणाबाहेर तापल्याचा कोड वेगळा आहे, पी ०२१७.

काकांची फसगत का झाली तेही समजते. चावी फिरवताच पंखा सुरू होत होता, म्हणून त्यांना इंजिन तापल्याची खात्री पटली. वास्तविक सेन्सरचा भरवसा उरला नाही की अनेक गाड्यांचे ईसीयू खबरदारी म्हणून पंखा सतत चालवतात. डॅशबोर्डवरचा काटा मात्र तळाशीच होता, त्याकडे कोणी पाहिले नाही.

सेन्सर बदलण्याआधी मल्टिमीटर लावावा, एवढेच म्हणतो. सकाळी गार इंजिनावर काकांच्या सेन्सरचा रोध २.३ किलोओहम भरला, म्हणजे सेन्सर ठणठणीत. कनेक्टरच्या एका पिनवर पाच व्होल्ट येत होते, दुसरीवर अर्थिंग मिळत नव्हते. वायरिंगवरची टेप सोडवली तेव्हा वीतभर अंतरावर अर्थिंगची वायर उंदराने कुरतडलेली सापडली. खर्च म्हणाल तर थोडे सोल्डर आणि टेप.

तिसरा सल्ला लिहिणाऱ्याने तापलेल्या रेडिएटरसमोर स्वतः उभे राहून दाखवावे. झाकणामुळे आत साधारण एक बारचा जादा दाब असतो आणि त्या दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेले पाणीही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो, पाणी एकदम उकळते आणि वाफेसकट तोंडावर व हातांवर उडते. हातात फडके धरल्याने काहीही वाचत नाही. इंजिन बंद करून, रेडिएटरचा वरचा रबरी होज हाताला गार लागेपर्यंत थांबायचे, याला दुसरा मार्ग नाही. रखरखीत तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास सिलिंडर हेडला तडा जाण्याची भीती असते ती निराळीच.

साधे पाणी कुलंटच्या मिश्रणापेक्षा अधिक उष्णता वाहून नेते, हे मात्र खरे, आणि अडचणीच्या वेळी इंजिन निवल्यावर घातले तर बिघडत नाही. पण त्यात गंजरोधक नसतात, ते लवकर उकळते, आणि बोअरचे पाणी असेल तर क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. हीटरचा सल्लाही, नाइलाजाने म्हणतो, गाडी सुरक्षित जागी थांबवेपर्यंत उपयोगाचा आहे. मात्र हीटरमधून गार हवा येऊ लागली तर आतले पाणीच गेले आहे असे समजून तेथेच थांबावे.

वायर जोडल्यावर पी ०११८ गेला. चारच दिवसांनी काकांचा फोन आला, ‘अरे, इंजिनाचा दिवा पुन्हा लागला.’ या वेळी कोड होता पी ०१२८: इंजिनातील पाणी ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचत नाही. कसे पोहोचेल, काकांनी काढलेला थर्मोस्टॅट डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला आहे. नवे गॅस्केट आणून रविवारी तो परत बसवायचा आहे.