‘शेगडी आत घ्या, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना

परतवाड्याच्या भाच्याने काल एक मेसेज पाठवला: ‘थंडीत हॅमॉक कॅम्पिंग, ऐनवेळी सामानाने दगा दिला तर’. पोरं चिखलदऱ्याकडे एका शेतात हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना दोरीने बांधायची कापडी झोळी, टांगून रात्र काढणार आहेत. खाली विचारलंय, “मामा, एवढं पुरे ना?” अजिबात नाही. त्यातला एक सल्ला तर जीव घेईल.

तोच आधी घेतो. ‘स्लीपिंग बॅग भिजली, चेन तुटली, तर ताडपत्री चारही बाजूंनी खाली ओढा आणि हॅमॉकखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवा. धूर नसला की धोका नाही.’ अरे, निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो! त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते; झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. वर नायलॉनचं कापड निखाऱ्यांवर लोंबतंय, ते वेगळंच. शेकायचं तर उघड्यावर, जागेपणी, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवायचं.

‘दारूचे दोन घोट घ्या’ हेही तसलंच. कातडीला ऊब वाटते, पण अंगातली उष्णता बाहेर जाते.

‘विदर्भात कुठली आली थंडी?’ नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. चिखलदरा तर हजार मीटरहून उंच.

‘जमिनीपासून वर असलं की गारठा लागत नाही.’ विंचू-काटा आणि ओल टळते, एवढं मान्य. पण पाठीखालून वारा वाहतो, आणि अंगाखाली दबलेली बॅग ऊब धरत नाही. जागलीला जाणारा माणूस मचाणावर आधी कुटार पसरतो, मग वाकळ टाकतो, ते उगाच नाही. अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकखाली बाहेरून टांगायची रजई, असली तरी फोमची चटई सोबत घ्याच. ती पाणी पीत नाही, फाटली तरी चालते, आणि दोरी तुटलीच तर जमिनीवर अंथरता येते.

‘दोरी जितकी ताणाल तितकी सुरक्षित’ हे साफ उलटं. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांत असली तर ७० किलोच्या माणसामुळे प्रत्येक टोकावर साधारण ७० किलोंचाच ताण येतो. १० अंशांवर तोच २०० किलोंवर जातो.

‘अडचण आली तर फोन करा.’ मेळघाटात कितीतरी ठिकाणी रेंजच नसते! कुठे थांबणार, कधी परतणार, हे घरी सांगून निघा. कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. कुणाला कापरं भरलं, बोलणं अडखळायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका. शेतमालकाचं घर उजेडातच पाहून ठेवा आणि मध्यरात्रीही त्याचं दार वाजवा.