सर्व्हिस सेंटर काढताय? मग एवढं कराच

तुम्ही दुचाकींचं सर्व्हिस सेंटर काढताय असं कानावर आलं. काढा, बिनधास्त काढा. पुण्यात घरात माणसं चार आणि गाड्या पाच, प्रत्येक गाडीच्या वाटेत खड्डे, खड्डे संपले की स्पीडब्रेकर. गिऱ्हाईक आज ना उद्या तुमच्या दारात येणारच. कर्ज, जागा, लिफ्ट, कॉम्प्रेसर याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. ग्राहकसेवेचं मात्र कोणी धड सांगत नाही. ते मी सांगते. एका अधिकृत सेंटरमध्ये नुकतीच त्याची शिकवणी घेऊन आलेय, जीएसटीसकट फी भरून. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, वाचणाऱ्या प्रत्येकाला आपापलं सेंटर आठवेल.

सुरुवात वेळेपासून. बुकिंग ॲपवरूनच घ्यायला लावा. ॲपवर साडेनऊची वेळ द्या आणि साडेनऊला शटर अर्धंच वर ठेवा. आत एक पोरगा झाडू मारत असावा. गिऱ्हाईक म्हणालं "बुकिंग केलंय", की त्यानं झाडू न थांबवता म्हणायचं, "ॲपचं आम्हाला दिसत नाही." मग सवडीनं ॲडव्हायझर उगवतो, मोबाईल चार्जिंगला लावतो, कॉम्प्युटरला दोन थपडा मारतो. तोवर बुकिंग न करता आलेली पाच-सहा माणसं जमतातच. त्यांना आधी घ्या.

तक्रार लिहून घेणं ही तर कलाच आहे. गिऱ्हाईक सांगतं, पुढचा ब्रेक दाबला की कर्रकर्र आवाज येतो, पण कचकन दाबला तर नाही, उतारावर हलके दाबला तरच, आणि आवाज येतो तेव्हा हँडलला बारीक थरथर असते. रोज त्याच गाडीवर बसणाऱ्याला तिचं दुखणं जितकं कळतं तितकं कोणाला कळणार? म्हणूनच ते लिहायचं नाही. मान हलवत राहायचं आणि जॉब कार्डावर लिहायचं, "जनरल सर्व्हिस, ब्रेक चेक". खाली चौकटींची रांग असते बघा, आरसे, इंडिकेटर, ओरखडे, बॅटरी, ऑइल लीक. तिच्यावर गाडीकडे न बघता वरून खालपर्यंत टिका मारून टाकायच्या. सही घ्यायची. ज्यानं ऐकलं तो बाहेर काउंटरवर, ज्याच्या हातात पाना तो आत, आणि त्या दोघांची गाठ पडू द्यायची नाही. मेकॅनिकला तर गिऱ्हाइकासमोर आणूच नका, तो खरं बोलून जातो.

गाडी घेऊन बाई आली तर गोंधळू नका. आधी तिच्या मागे बघा, कोणी येतंय का. मग विचारा, "मॅडम, गाडी सर चालवतात का?" दीडशे सीसीची मोटारसायकल तिनं तुमच्या डोळ्यांदेखत आणून मेन स्टँडला लावली असली तरी विचारा. आमच्याकडच्या सरांना क्लच कुठल्या हाताला असतो हे अजून नक्की ठाऊक नाही. ते पीएमपीच्या बसनं जातात आणि सुखी आहेत. गाडी परत आणायला ते सहज म्हणून माझ्याबरोबर आले, तर ॲडव्हायझरनं चेनपासून सायलेन्सरपर्यंत सगळं त्यांना समजावून सांगितलं. ते बिचारे "अच्छा, अच्छा" म्हणत होते. मी शेजारच्या खिडकीत पैसे भरत होते.

वेटिंग रूममध्ये कॉफीचं मशीन हवंच. बंद असलेलं चालेल.

सीटखालचं टूलकिट काढून घ्या, पंक्चर होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

पेट्रोल जवळच्या पंपापर्यंत पोचेल एवढं ठेवा. आपण काही राक्षस नाही.

फोन उचलू नका. उचलावाच लागला तर "गाडी वॉशिंगला आहे" म्हणा. सकाळी अकराला वॉशिंगला, दुपारी तीनला वॉशिंगला, संध्याकाळी सहाला वॉशिंगला. आणि वॉशिंगमध्ये मात्र हयगय नको. बाकी काम राहिलं तर राहू दे, गाडी लखलखली पाहिजे. प्रेशरचा फवारा थेट चाकांच्या बेअरिंगवर, चेनवर आणि हँडलखालच्या वायरिंगवर मारा. चेनचं वंगण धुऊन निघेल, ते पुन्हा लावत बसू नका. त्याऐवजी टायरला काळं पॉलिश लावा, ते दिसतं. चेन ताणून घट्ट करा. बऱ्याच गाड्यांच्या चेनला 20 ते 30 मिलिमीटरचा सैलपणा ठेवायचा असतो आणि तसं मॅन्युअलमध्ये छापलेलंही असतं, पण मॅन्युअल वाचतंय कोण? घट्ट चेन खडखडत नाही, गिऱ्हाईक खूश. पुढे बेअरिंग आणि स्प्रॉकेट जातील तेव्हा जातील, तेही आपल्याकडेच बदलायचेत.

बिलाबद्दल थोडं. "फ्री सर्व्हिसिंग" मोठ्या अक्षरात लिहा. फ्री असते ती फक्त मजुरी, हे बिल हातात पडल्यावर कळू द्या. ऑइल, ऑइल फिल्टर, वायसर इथपर्यंत कोणी हरकत घेत नाही. त्यापुढे इंजिन फ्लश, अँटिरस्ट, टेफ्लॉन कोटिंग आणि "कन्झ्युमेबल्स", म्हणजे पोरगा हात पुसतो ती चिंधी. हे सगळं न विचारता करायचं, कारण विचारलं की माणूस नको म्हणतो. ब्रेक पॅड बदलले असं लिहा आणि जुने मागितले तर "ते कंपनीला परत जातात" म्हणा. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनी परत मागते, गिऱ्हाइकाच्या पैशानं बदललेला गिऱ्हाइकाचाच असतो. पण हा फरक आपण कशाला सांगायचा?

भिंतीवर पाटी हवी, "गाडी व गाडीतील सामान मालकाच्या जबाबदारीवर". दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी तिची घ्यायची, असं भारतीय करार कायद्याचं कलम 151 सांगतं खरं. पण तो कायदा 1872 चा. तेव्हा पेट्रोलवर चालणारी मोटारसायकल जन्मालाही आली नव्हती. आपली पाटी नवी आहे, फ्लेक्सची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे एक जमलं तर बाकीचं नाही जमलं तरी धंदा चालतो. काहीही बिघडलं, तुटलं, गळलं, की शांतपणे म्हणायचं, "हे आधीपासूनच होतं."

माझ्या गाडीचं असं झालं. सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी रात्री पार्किंगमध्ये लावली. सकाळी वॉचमननं हाक मारली, "ताई, गाडी गळतीये." फरशीवर तळहाताएवढा डाग. खाली वाकून बोट लावलं तर कोरं करकरीत नवं ऑइल, आदल्या दिवशीच घातलेलं, ज्याचे पैसे मी भरलेत ते. थेंब ड्रेन बोल्टातून येत होता आणि बोल्टाच्या भोवती पांढऱ्या टेपचा एक शेव बाहेर लोंबत होता. नळाला गुंडाळतात ना प्लंबर लोक, ती टेप.

ड्रेन बोल्ट हा इंजिनच्या पोटाखाली असतो. तो काढून जुनं ऑइल सोडायचं, वायसर बदलायचा, बोल्ट परत लावायचा. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनचं कवच ॲल्युमिनियमचं. जास्त आवळला तर बोल्टाला काही होत नाही, आटे जातात ते कवचाचे. म्हणून किती आवळायचा याचा आकडा कंपनीनं दिलेला असतो आणि त्याच्यासाठी टॉर्क रेंच नावाचं हत्यार असतं. ते त्या सेंटरमध्ये आहे. भिंतीवर टांगलेलं मी स्वतः पाहिलं. खंडेनवमीचं हळदकुंकू त्याच्यावर अजून जसंच्या तसं आहे, त्यानंतर त्याला कोणाचा हात लागलेला नाही. खाली पोरगा पान्याच्या दांड्यात पाईप घालतो आणि त्याच्यावर पाय देतो. माझ्यासमोर एकाच्या गाडीला दिला.

आटे गेले. ठीक आहे, माणसाच्या हातून होतं. आटे नवीन पाडून आत स्लीव्ह बसवता येते, अशक्य काम नाही. "मॅडम, आमच्याकडून आटे गेले, गाडी उद्या मिळेल," एवढं म्हणाले असते तर मी रिक्षानं घरी गेले असते आणि विसरूनही गेले असते. पण यांनी टेप गुंडाळली, बोल्ट ढकलला, गाडी धुतली, टायरला पॉलिश लावलं आणि चावी हातात दिली. दुसऱ्या दिवशी मी गेल्यावर सुपरवायझर उकिडवा बसला, दोन सेकंद खाली बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे आधीपासूनच होतं."

आधीपासून? अहो, तुमचंच जॉब कार्ड, तुमचीच टिक, "ऑइल लीक: नाही". काढून दाखवलं. त्यावर तो काय म्हणाला माहितीये? "ते आम्ही सगळ्यांच्याच कार्डावर टिक करतो." न लाजता! वर आणखी "तुम्ही बाहेर कुठे दाखवली होती का?" कधी दाखवणार, रात्री झोपेत? ऑइल वाऱ्यानं मागच्या टायरवर गेलं असतं आणि मी कात्रजच्या घाटात वळणावर असते, मागे ट्रक असता, तेव्हाही हेच म्हणाला असतात का, बाई आधीपासूनच पडलेली होती?

असो. आवाज चढला. आपण सल्ले देत होतो.

शेवटचा धडा फीडबॅकचा. गाडी देताना ॲडव्हायझरनं खासगी आवाजात सांगायचं, "मॅडम, कंपनीतून फोन येईल, 10 पैकी 10 द्या हां. 9 दिले तरी आमचं इन्सेंटिव्ह कापतात." म्हणजे गाडी तुम्ही बिघडवली तरी पाप गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. फोन येतोही अगदी वेळेवर, सगळ्या व्यवहारात वेळेवर होणारी तेवढीच एक गोष्ट. मला आला तेव्हा मी बोल्टाचं सांगायला लागले, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, फक्त आकडा सांगा." मी शून्य सांगितलं. ती म्हणाली, "मॅम, 1 पासून आहे."

पुरे झालं. हे मी कोणाला शिकवतेय? तुम्हाला हे सगळं येतंच.

भवानी पेठेत एक चाचा आहेत. पत्र्याची शेड, बाहेर फुटपाथवर काम. माझी आधीची स्कूटर त्यांच्याकडे असायची. एकदा ब्रेकचा ड्रम उघडून त्यांनी मला जवळ बोलावलं, शू तळहातावर घेतला आणि अस्तराच्या जाडीवर नख टेकवून म्हणाले, "ताई, अजून आहे यात. पावसाळा निघेल. दिवाळीला बघू." मग चाकाजवळचा छोटा बाण दाखवला. ब्रेक पूर्ण दाबल्यावर हा बाण शेजारच्या खुणेशी जुळला की समजायचं, शू संपले. म्हणजे पुढच्या वेळी मला त्यांना विचारायचीही गरज उरली नाही. चाचाही काही संत नाहीत. "संध्याकाळी या" म्हणतात, कुठल्या संध्याकाळी ते सांगत नाहीत. गावाकडे लग्न निघालं की गॅरेज बंद आणि तुमची गाडी आत. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतात. पण एकदा त्यांनी क्लच केबल भलत्याच मापाची घातली होती, तेव्हा मला कळायच्या आत त्यांचाच फोन आला, "ताई, माझ्याकडून चुकलंय, गाडी घेऊन या." त्यांच्याकडे ॲप नाही, एसी नाही, टाय लावलेला ॲडव्हायझर नाही.

मग मी तुमच्याकडे का येते? वॉरंटी. बाहेर कोणी हात लावला तर वॉरंटी गेली, असं तुम्ही चावी देतानाच दटावून ठेवता. आम्ही बांधलेलो आहोत हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्ही असे वागता. ही शुद्ध अडवणूक आहे. काम येत नसेल तर शिका, पोरांना शिकवा, माझ्या मार्कांवरून त्यांचा पगार कापू नका. खोटं बोलायला मात्र तुम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. बोल्टाला टेप गुंडाळून माणसाला रस्त्यावर सोडताना लाज वाटायला हवी होती, ती नाही वाटली.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायचीही तयारी आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दोन वर्षांची मुदत आहे. जॉब कार्ड, बिल आणि टेप लोंबणाऱ्या बोल्टाचा फोटो जोडून ठेवलाय. काल तुमच्याकडून घरी फोन आला होता, "सरांशी जरा बोलायचं होतं, मिटवून टाकू." सरांशी काही बोलायचं नाही. गाडी माझ्या नावावर आहे. आटे नीट करून द्या, ऑइलचे पैसे परत करा, आणि जे काय बोलायचं ते माझ्याशी बोला.