स्तेफनाचं अर्धंच भाषण पुढे पाठवू नका

ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: बायबलमध्ये पवित्र जागेला काही अर्थ नाही. देव हातांनी बांधलेल्या घरात राहत नाही, हे पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने सांगितलं. ‘ना या डोंगरावर, ना यरुशलेमेत’ म्हणत येशूने मंदिर निकालात काढलं. पौलाने तर माणसालाच मंदिर म्हटलं. मग चर्च, वेदी, यात्रा हा सगळा माणसांनी वाढवलेला पसारा. तिन्ही वचनं बायबलमधलीच आहेत, पण निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो वाचून कुणी रविवारी मंडळीत जाणं सोडलं तर मला मनापासून वाईट वाटेल.

आधी स्तेफन. ‘हातांनी बांधलेल्या घरात’ हे प्रेषितांची कृत्ये 7:48 मध्ये आहे. त्याच भाषणात, पंधरा वचनं आधी, तो मोशेला दिसलेल्या जळत्या झुडपाची गोष्ट सांगतो, जिथे देव मोशेला म्हणतो: पायांतले जोडे काढ, तू उभा आहेस ती भूमी पवित्र आहे. उंबऱ्याबाहेर चपला काढणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. देव यरुशलेमेतल्या एका इमारतीत कोंडलेला नाही, तो परक्या रानातही भेटतो, हा स्तेफनाचा मुद्दा. जागा निरर्थक आहे असं तो कुठे म्हणतो? आणि हे काही त्याने नव्याने शोधलेलं नाही. साठ हात लांब, वीस हात रुंद मंदिर बांधणारा राजा शलमोनच अर्पणाच्या प्रार्थनेत म्हणतो की स्वर्गातही तू मावत नाहीस, मग या घरात कसा मावशील? आणि लगेच मागतो की या घराकडे तुझे डोळे रात्रंदिवस उघडे असोत. एकाच प्रार्थनेत दोन्ही.

याकोबाचं बघा. भावाच्या भीतीने पळालेला, अंधार पडला म्हणून लूजजवळ थांबलेला, उशाला धोंडा. तिथे ना देऊळ, ना पुजारी. सकाळी उठून तो म्हणतो, परमेश्वर इथे आहे आणि मला ठाऊक नव्हतं. तोच धोंडा उभा करून त्यावर तेल ओततो आणि जागेला बेथेल, म्हणजे देवाचं घर, असं नाव देतो. पुढे याच बेथेलात राजा यराबाम पूजेसाठी सोन्याचं वासरू बसवतो आणि संदेष्टा आमोस लोकांना बजावतो की बेथेलला जाऊ नका. म्हणजे पावित्र्य मातीला कायमचं चिकटलेलं नसतं. एवढ्यापुरता तो मजकूर बरोबर आहे.

संदेष्टा यिर्मयाही यरुशलेमेच्या मंदिराच्या दारात उभा राहून ओरडतो, पण कशावर? अनाथ, विधवा, परदेशी यांना छळायचं आणि मग मंदिरात येऊन ‘आम्ही सुरक्षित’ म्हणायचं, यावर. लुटारूंची गुहा हा शब्द त्याचाच. गुहेत लुटारू लुटत नाहीत, लुटून आल्यावर लपतात. येशूने मंदिरात तोच शब्द वापरला आणि त्याच दमात त्याला सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचं घर म्हटलं. टाकाऊ जागेसाठी कुणी इतका संतापत नाही. ‘ना या डोंगरावर’ हे तो शोमरोनी स्त्रीशी बोलताना म्हणतो, आणि शोमरोन्यांचा पवित्र डोंगर गरिज्जीम की यहुद्यांचं यरुशलेम या वादाच्या पलीकडे जातो हे खरं. पण शुभवर्तमान लिहिणारा योहान येशूच्या शरीरालाच मंदिर म्हणतो. येशूबद्दल तो लिहितो त्या ‘आमच्यामध्ये वस्ती केली’ यातल्या मूळ ग्रीक क्रियापदात तंबू ठोकणं आहे, रानातल्या निवासमंडपाची, म्हणजे इस्राएल लोकांच्या तंबूतल्या उपासनास्थानाची, आठवण आहे. भेटीची जागा इथे पुसली जात नाही, ती देह धरते.

आता पौल. ‘तुम्ही देवाचं मंदिर आहा’ यातला तुम्ही मराठीत आदरार्थी एकवचनही वाटू शकतो. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 3:16) मूळ ग्रीकमध्ये तो निखळ अनेकवचनी आहे: सगळी मंडळी मिळून एक मंदिर. सहाव्या अध्यायात तो प्रत्येकाच्या शरीराबद्दल बोलतो, पण तिथे विषय व्यभिचाराचा आहे, घरी बसण्याचा नाही.

यरुशलेमेच्या मंदिरात परराष्ट्रीयांना अडवणारा एक कठडा होता. त्यावरचा ग्रीक शिलालेख 1871 मध्ये सापडला, आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे: ओलांडणाऱ्याने आपल्या मरणाला स्वतःलाच जबाबदार धरावं. पौलाने एका परराष्ट्रीयाला आत नेलं, या आरोपावरून जमाव त्याच्यावर धावून गेला. करिंथकरांना ते पत्र लिहून झाल्यानंतरची ही घटना. तेव्हा तो शुद्धीकरणाचा विधी करत मंदिरातच होता, आणि पुढे सुभेदार फेलिक्ससमोर त्याने सरळ सांगितलं: मी यरुशलेमेला उपासना करायला गेलो होतो.