बीसीच्या चार नव्या फेरीबोटी: राग रास्त, दावे कच्चे

10 जून 2025 रोजी, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया (बीसी) प्रांतात फेरीबोटी चालवणाऱ्या बीसी फेरीज कंपनीने चार मोठ्या फेरीबोटींचं काम चीनमधल्या वेइहाय इथल्या, तिथल्या सरकारी मालकीच्या शिपयार्डला दिल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून ब्रिटिश कोलंबियात एकच मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. त्याचा सारांश असा: इथल्या गोद्या काम मागत असताना त्यांना डावललं, वर केंद्राचे 100 कोटी डॉलर चीनच्या घशात घातले, स्वाभिमानी देश आपल्या फेरीबोटी बाहेर बांधून घेत नाही, करार रद्द करा.

यामागचा राग मला कळतो. त्याच वर्षी मार्चमध्ये चीनने कॅनडाच्या कॅनोला या तेलबियांच्या तेलावर आणि पेंडीवर 100 टक्के शुल्क लावलं. प्रेअरीतले, म्हणजे मधल्या शेतीप्रधान प्रांतांतले, शेतकरी त्यात भरडले जात असताना तीन महिन्यांत हे कंत्राट दिलं जावं, हे कुणालाही टोचेल. पण रागाच्या भरात आपण जे पुढे पाठवतो आहोत, त्यातलं बरंचसं खरं नाही.

पहिला दावा डावलल्याचा. निविदा जगभरासाठी खुली होती आणि एकाही कॅनेडियन शिपयार्डने ती भरली नाही. नॉर्थ व्हँकुव्हरच्या सीस्पॅनकडे नौदलाची दोन पुरवठा जहाजं आणि तटरक्षक दलाचं मोठं ध्रुवीय बर्फफोडं जहाज आहे. केंद्राच्या जहाजबांधणी धोरणाने त्यांचे हात भरलेले आहेत. बीसीत इतक्या मोठ्या आकाराच्या शेवटच्या पारंपरिक फेरीबोटी बांधल्या गेल्या त्या 1993 आणि 1994 मध्ये, स्पिरिट वर्गाच्या दोन. त्यानंतर कोस्टल वर्गाच्या तीन बोटी जर्मनीतून आल्या, सेलिश वर्गाच्या पोलंडमधून, आयलंड वर्गाच्या रोमानियातून. या सगळ्या काळात मोठ्या पारंपरिक फेरीबोटींचं काम इथे आलंच नाही. वेल्डर, पाइपफिटर, आराखडे काढणारे लोक वर्षानुवर्षं हाताला काम असेल तरच टिकतात. म्हणजे गोद्यांना डावललं गेलं हे एका अर्थाने खरंच आहे, पण ते 2025 मध्ये नव्हे. कामगार संघटना म्हणतात की निविदेत स्थानिक रोजगाराला वजनच नव्हतं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्याचं उत्तर प्रांतिक सरकारने द्यायचं आहे, कारण कंपनीला कमीत कमी खर्चात सेवा द्यायच्या चौकटीत 2003 पासून सरकारनेच बसवलं.

मग इथेच बांधायचं ठरवलं असतं तर? याचं उत्तर देताना दोन्ही बाजू पॅसिफिकॅटचं नाव घेतात आणि दोघांचंही चुकतं. नव्वदच्या दशकात प्रांतातल्या ग्लेन क्लार्क यांच्या सरकारने पॅसिफिकॅट नावाच्या, ॲल्युमिनियमच्या तीन वेगवान कॅटमरान (जोड-सांगाड्याच्या बोटी) इथे बांधायला घेतल्या. अंदाज होता 21 कोटी डॉलरचा, खर्च गेला 45 कोटींच्या वर. त्यांच्या लाटांनी किनाऱ्यावरच्या लोकांचे धक्के खिळखिळे केले, आणि 2003 मध्ये तिन्ही मिळून 2 कोटींहूनही कमी किमतीला लिलावात गेल्या. इथल्या कामगारांना जमत नाही, असा याचा अर्थ अजिबात नाही. स्पिरिटच्या बोटी याच कामगारांनी बांधल्या आणि त्या आजही धावताहेत. इथे अनुभव नव्हता अशा प्रकारची बोट राजकीय घाईने बांधायला घेतली, म्हणून घात झाला. स्कॉटलंडमध्येही 2015 मध्ये पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन यार्डला दोन फेरीबोटी 9.7 कोटी पौंडांत दिल्या, त्या 2018 मध्ये यायच्या होत्या. पहिली, ग्लेन सॅनॉक्स, जानेवारी 2025 मध्ये सेवेत आली. मधल्या काळात खर्च अनेक पटींनी वाढला आणि सात वर्षं बेटांवरच्या लोकांनी रद्द झालेल्या फेऱ्या सोसल्या. परदेशी यार्ड म्हणजे वेळेची हमी, असंही मी म्हणणार नाही. त्याच स्कॉटलंडने तुर्कस्तानात बांधायला दिलेल्या बोटींनाही उशीर झाला.

100 कोटी डॉलर वाटले, हे तर सरळ चूक आहे. केंद्राच्या मालकीच्या कॅनडा इन्फ्रास्ट्रक्चर बँकेने दिलं ते कर्ज आहे, बीसी फेरीजने फेडायचं, म्हणजे मुख्यतः तुमच्या-माझ्या तिकिटांतून. त्यातला एक भाग धक्क्यांवरच्या विजेच्या कामासाठी आहे. व्याज सवलतीचं आहे, आणि अशी सवलत देताना केंद्राने अटी का घातल्या नाहीत, हे जरूर विचारावं.

ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, या कराराला विरोध केला होता, असंही सांगितलं जातं. तत्कालीन वाहतूक मंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी नाराजीचं पत्र लिहिलं, हे खरं. पण केंद्राच्याच मालकीची मरीन अटलांटिक कंपनी न्यूफाउंडलंडच्या मार्गावर 2024 पासून अलासुइनू नावाची जी फेरी चालवते, ती वेइहायमध्येच बांधलेली आहे. शिवाय 129 मीटरपेक्षा लांब परदेशी फेरीबोटींवरचं 25 टक्के आयातशुल्क केंद्रानेच 2010 मध्ये माफ केलं होतं.

स्वाभिमानी देशाच्या मुद्द्यावर आपण मराठी लोकांनी तरी थोडं थांबावं. गोवा शिपयार्डने श्रीलंकेच्या नौदलाला दोन गस्ती नौका बांधून दिल्या. गयानाच्या सरकारची मा लिशा ही फेरी कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधली गेली. तेव्हा आपल्याला अभिमानच वाटला होता, आणि वाटावाही.

सुरक्षेचा प्रश्न मात्र मी बाजूला सारणार नाही. जहाजावरची नियंत्रण आणि दळणवळण यंत्रणा कुठून आली, ती कोणी तपासली, हे बोट सेवेत येण्याआधी लोकांसमोर यायला हवं. चीन पुढे सुटे भाग अडवून धरू शकतो ही भीतीही पोकळ नाही. या दोन गोष्टींवर दबाव आणणं हे करार रद्द करा म्हणण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

कारण रद्द केल्यावर काय? ज्या बोटी बदलायच्या आहेत त्यातली क्वीन ऑफ न्यू वेस्टमिन्स्टर 1964 ची आहे. अल्बर्नी, कोक्विटलम आणि कॉविचन 1976 च्या. नव्या बोटी 2029 पासून यायच्या आहेत. नवी निविदा म्हणजे आणखी काही वर्षं याच बोटी, आणि मध्येच एखादी बंद पडली की व्हँकुव्हर बेटावरच्या नानायमोहून व्हँकुव्हर शहरात उपचारासाठी निघालेला माणूस धक्क्यावर अडकणार.

बीसी फेरीजने पाच बोटी मागितल्या होत्या, कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या प्रांतिक फेरी आयुक्तांनी चारच मंजूर केल्या. पाचवीचा प्रश्न अजून उभा आहे आणि तिशी ओलांडलेल्या स्पिरिट वर्गाचीही पाळी येणारच आहे. त्या बोटी इथे बांधायच्या असतील तर स्थानिक कामाला निविदेत किती गुण, त्यासाठी वाढणारा खर्च तिकिटातून की प्रांताच्या तिजोरीतून, आणि तोपर्यंत गोद्यांना छोट्या बोटींची कोणती कामं, हे आत्ता ठरावं लागेल. आपल्या आमदाराला लिहायचं असेल तर याबद्दल लिहा.