आईच्या टेरिलीनच्या साडीने गिरण्या बंद पडल्या नाहीत

गेल्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्तेभावाने एक लांबलचक मेसेज टाकला, 'सत्तरच्या दशकातली फॅशन आणि मराठी घराची पडझड'. हाच मेसेज आधी तीन जणांनी पाठवला होता आणि मी तो न वाचता पुसून टाकला होता. या वेळी तो आईने वाचला. आई ७८ वर्षांची आहे. मुंबईत लालबागच्या चाळीत तिने संसार केला, माझे वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. दुपारी चहा घेताना तिने मला विचारलं, "आम्ही त्या साड्या घेतल्या म्हणून झालं का गं ते सगळं?" तिचा तो चेहरा बघून मी लिहायला बसले.

मेसेजमध्ये चार गोष्टी ठासून सांगितल्यात. १९७० पर्यंत समस्त मराठी बायका नऊवारी नेसायच्या. त्यांनी नायलॉन-टेरिलीन (टेरिलीन म्हणजे पॉलिएस्टरच) घ्यायला सुरुवात केली आणि गिरण्या बुडाल्या. बेलबॉटम, मॅक्सी, पंजाबी ड्रेस हे सगळं हिंदी सिनेमावाल्या परक्यांनी आपल्यावर लादलं. आणि नटण्यामुरडण्याच्या नादात बायकांचं समाजाकडे लक्ष उरलं नाही.

नऊवारीचं आधी संपवते. शहरातल्या मराठी बायका स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीपासून पाचवारीकडे वळल्या होत्या. सकच्छ (कासोटा घालून) नेसावं की विकच्छ (कासोट्याशिवाय), यावर त्या काळी घराघरांत भांडणं झाली. आत्याचा १९५८ सालचा मॅट्रिकचा फोटो आत्तेभावाच्या घरात भिंतीवर आहे, त्यात ती पाचवारीतच आहे. आमची आजी मात्र शेवटपर्यंत नऊवारी नेसली. आजीचं लुगडं आणि आईची साडी गॅलरीतल्या एकाच दोरीवर वाळायची.

आता गिरण्यांचं. मेसेजमधलं वाक्य असं आहे : 'गिरणगावच्या बायका टेरिलीनला भुलल्या आणि त्यांनीच आपल्या नवऱ्यांच्या चुली विझवल्या.' हे वाचून माझा संताप झाला. ज्यांच्या घरातला पगार थांबला, ज्यांनी मंगळसूत्र गहाण टाकून पोरांना जगवलं, त्यांनाच गुन्हेगार ठरवायचं?

मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या त्या कामगारांच्या संपानंतर. तो संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मागण्या पगारवाढीच्या होत्या, बदली (गैरहजर कामगाराच्या जागी रोजंदारीवर घेतलेल्या) कामगारांना कायम करण्याच्या होत्या, आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, ही एक होती, कारण त्या कायद्याने मान्यता एकाच युनियनला मिळायची. गिरण्या आजारी पडल्या होत्या त्या याच्याही आधी. १९७४ मध्येच केंद्र सरकारला कायदा करून देशभरातल्या १०३ आजारी गिरण्या ताब्यात घ्याव्या लागल्या. यंत्रं जुनाट झाली होती, विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे चाललं होतं. तिथे मजुरी कमी, पाळी लांब, युनियन नाही. संपाच्या काळात मालकांनी तिथूनच कापड विणून घेतलं.

आणि टेरिलीन तेव्हा स्वस्त कुठे होतं? त्या धाग्यावर जबर अबकारी कर होता. कृत्रिम धाग्याचं कापड सामान्यांच्या आवाक्यात आलं ते मुख्यतः १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर, म्हणजे संप सुरू होऊन तीन वर्षं उलटल्यावर. आईने १९७४ मध्ये भिशीच्या पैशातून मोरपंखी रंगाची टेरिलीनची एक साडी घेतली. एक! ती फोर्टातल्या ऑफिसात टायपिस्ट होती. पहाटे पाचला नळ यायचा, तासाभरात जायचा. सुती साडीला खळ हवी, इस्त्री हवी. ही साडी रात्री पिळून दोरीवर टाकली की सकाळी नेसून करी रोडवरून व्हीटीची गाडी गाठता यायची. तिला मोह नव्हता, वेळ नव्हता.

गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं, याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम काढून वाचा. गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, असं त्यात होतं. २००१ मध्ये तो बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. परळ-लोअर परळला आज जे टॉवर दिसतात त्यांचा हिशेब या नियमात मांडलेला आहे. साडी त्यात कुठे येते, ते मला दाखवा.

एक मान्य करते. पुढे पॉलिएस्टरने सुती कापडाचा बाजार खाल्ला, हे खरं आहे. ती साडी मुंबईच्या मे महिन्यात अंगाला चिकटायची, स्टोव्हजवळ तर जिवावरच बेतायची. पण त्या कापडाच्या धंद्यात कुणी उतरायचं, जुनी यंत्रं कधी बदलायची, हे चाळीतल्या बाईच्या हातात नव्हतं.

सिनेमाचं म्हणाल तर हो, शिंपी पोस्टर बघूनच बेलबॉटम शिवायचे. पण परके? हिंदी सिनेमाच्या नायिकांना दोन पिढ्या सजवणाऱ्या वेशभूषाकार भानू अथैया कोल्हापूरच्या, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या. १९८३ साली 'गांधी'साठी भारताचं पहिलं ऑस्कर त्यांनीच आणलं.

आणि समाजाकडे लक्ष नसल्याचं म्हणता? १९७२ च्या दुष्काळात महागाई भडकली तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आई ऑफिस सुटल्यावर दोनदा गेली होती. शेजारच्या काकू नऊवारीत, ही पाचवारीत.

आत्तेभावाने मेसेज अजून काढलेला नाही. आई रोज सकाळी तो ग्रुप उघडते. दादा, आज रात्रीपर्यंत तो काढ आणि तिला फोन कर.