बाठे वाळवून फेकले की आमराई होत नाही

दर मे महिन्यात मोबाइलवर तोच निरोप फिरतो: आंब्याचे बाठे टाकू नका. धुऊन कडक उन्हात वाळवा, पिशवीत भरून ठेवा, पावसाळ्यात प्रवासाला निघालात की रस्त्याच्या कडेला फेकत जा. चार-पाच वर्षांत महामार्ग हापूसने लगडतील. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. या कृतीने बी रुजण्याआधीच मरतं.

पहिली चूक वाळवण्याची. गहू, तूर वाळवल्यावर टिकतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळंच बी तसं. आंब्याची कोय उलट आहे. आतला गर ओला असेपर्यंतच तिच्यात जीव असतो. मे महिन्याच्या उन्हात वाळवून महिनाभर ठेवलेला बाठा हलवला तर आत खुळखुळतो, तो जून महिन्यात पेरून काय उगवणार? फणसाची आठळी आणि जांभळाची बीही तशीच. सीताफळाच्या बिया मात्र वाळवून ठेवल्या तरी चालतात. सगळ्या फळांना एकच नियम लावता येत नाही.

फेकण्याबद्दल फार बोलायला नको. चुकून एखादा कोंब आलाच, तरी डिसेंबरनंतर त्याला पाणी कोण घालणार? शेळ्या आणि वणवे त्याला सोडत नाहीत.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे हापूसच्या बाठ्यातून हापूस येतो हा. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो. त्याची आई आपल्याला माहीत असते, पण मोहरावर माश्यांनी पराग कुठल्या झाडाचा आणला ते माहीत नसतं. म्हणून तर कोकणात दर रायवळ, म्हणजे कोयीतून उगवलेल्या झाडाची चव निराळी. दक्षिणेतल्या ओलूर, बाप्पाकाई या जातींच्या एका कोयीतून अनेक कोंब येतात आणि त्यातले बहुतेक आईसारखेच निघतात, पण हापूस त्यातला नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 साली ‘रत्ना’ आणला. त्याचं पहिलं झाड बियांतूनच आलं, पण पुढची सगळी झाडं कलमांचीच. रत्नाची कोय लावून रत्ना मिळत नाही.

आणि चार-पाच वर्षं हा हिशेब कलमाचा आहे. कोयीपासून वाढवलेलं झाड फळाला यायला साधारण सात ते दहा वर्षं घेतं.

कोय लावायचीच असेल तर आंबा खाल्ला त्याच आठवड्यात लावा. टरफल जपून उघडा, आत भुंग्याने पोखरलेलं नाही ना बघा, आणि गर मातीच्या पिशवीत ओलाव्यात ठेवा. दोन-तीन आठवड्यांत तांबूस पानांचा कोंब येतो. तो 10-15 दिवसांचा असतानाच कोकणातले रोपवाटिकावाले त्यावर हापूसची काडी बांधतात, तेच कोय कलम. कलम नको असेल तर रायवळ म्हणून वाढू द्या, तोही सुंदर असतो. पण पुढच्या पावसाळ्यात अशा जागी लावा, जिथे निदान दोन उन्हाळे कुणीतरी कळशीभर पाणी घेऊन जाईल.